छान, छान

सगळे हसले म्हणून थेरेसाही हसली. कशाला हसले ते तिला कळलं नव्हतं.

प्रशिक्षणाचा चौथा दिवस होता. सकाळचे तास आटोपून विरारच्या त्या कॉलेजातले चाळीस प्राध्यापक रोज दुपारी सभागृहात येऊन बसत. वर्गातल्या प्रत्येकाला सामावून घेऊन कसं शिकवावं, हा विषय; हजेरी सक्तीची. जेवणानंतर मागच्या रांगांत डुलक्या सुरू झाल्या होत्या. इतिहासाच्या थेरेसा तुस्कानो मॅडम मात्र पहिल्या रांगेत ताठ बसलेल्या. या वयातही काय हा उत्साह, असं लोकांना वाटे. ती ओठ वाचत होती. प्रशिक्षण द्यायला पुण्याहून आलेल्या क्षितिजा मॅडम पडद्याकडे वळल्या की वाक्य तुटे. मग पुढच्या दोन शब्दांवरून मागचे चार जुळवायचे. संध्याकाळी वटारला घरी पोचेपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागे आणि नवऱ्याशी, हिलरीशी, दोन वाक्यं बोलायचंही त्राण उरत नसे.

तीन वर्षांपासून असंच चाललं होतं. दोन्ही कानांना मशीन लावा, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. तो कागद तिने कपाटात साड्यांखाली ठेवला. निवृत्तीला चार वर्षं होती. बहिऱ्या बाईला वर्गावर कोण ठेवेल, ही भीती तिला पुरेशी होती. तिने शिकवण्याची पद्धतच बदलली. तासभर आपणच बोलायचं. प्रश्न शेवटी, असं सांगायचं आणि बेल होईपर्यंत थांबायचंच नाही. हजेरी घेताना हात बघायचे. बाहेर कोणी काही बोललंच, तर हसून मान हलवायची आणि 'छान, छान' म्हणायचं. बहुतेक वेळा ते चालून जाई.

क्षितिजा मॅडमनी टेबलावरचा एक डबा उघडला. त्यात विद्यार्थ्यांकडून आधीच लिहून घेतलेल्या चिठ्ठ्या होत्या. 'वर्गात आपण कोणाच्या खिजगणतीत नाही, असं कधी वाटलं?' एवढा एकच प्रश्न. मुलांची नावं नव्हती, फक्त वर्ग आणि विषय. त्या एकेक चिठ्ठी काढून वाचू लागल्या. वाचताना कागद तोंडासमोर येत होता. थेरेसाला ओठ दिसेनात. तिने प्रत्येक चिठ्ठीला हसून मान हलवली.

पाचव्या चिठ्ठीनंतरही तिने तेच केलं. मग तिच्या लक्षात आलं, की सगळं सभागृह तिच्याकडे बघतंय.

शेजारी मराठीचे प्रल्हाद सर होते. तिने हळूच विचारलं, "काय वाचलं?"

त्यांनी नजर खाली वळवली. "नंतर सांगतो, मॅडम."

मागे प्राचार्य बसले होते. थेरेसाला एकदम फार थकल्यासारखं झालं. हसण्याचा थकवा, मान हलवण्याचा थकवा, तीन वर्षांचा. ती उठून उभी राहिली.

"मॅडम, ती चिठ्ठी मला द्याल का? मला ऐकू येत नाही."

तिने हे वाक्य कोणासमोर, अगदी हिलरीसमोरही, कधी उच्चारलं नव्हतं. क्षितिजा मॅडम खाली उतरून आल्या. चार दिवस तोंडाजवळ धरलेला माईक त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली.

'एस.वाय., इतिहास. एकदा तास संपल्यावर मी मॅडमना माझं काहीतरी सांगितलं. त्या हसल्या आणि छान, छान म्हणून निघून गेल्या. तेव्हापासून मी त्यांच्या तासाला तोंड उघडलं नाही.'

एस.वाय.ला इतिहास शिकवणारी ती एकटीच होती. कोण असेल हे मूल? थेरेसाने आठवून पाहिलं. 'छान, छान' तिने शेकडो वेळा म्हटलं होतं. त्यातलं हे कुठलं, तिला आठवेना. उरलेला वेळ ती चिठ्ठी धरून बसून राहिली.  प्राचार्य निघताना तिच्याजवळ क्षणभर थांबले आणि गेले. त्याचा अर्थ लावत बसण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.वाय.च्या वर्गात तिने पुस्तक उघडलंच नाही.

"मला नीट ऐकू येत नाही," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली. मी तुमच्यापासून लपवलं. तुमच्यापैकी कोणीतरी मला काही सांगितलं होतं आणि मी न ऐकताच हसले. कोण ते मी विचारणार नाही. पण पुन्हा सांगावंसं वाटलं, तर मी तास संपल्यावर इथेच बसेन."

मागच्या बाकावर दोघे एकमेकांकडे बघून हसले. तिला ते दिसलं. मग तिने शिकवायला घेतलं आणि मध्येच, तीन वर्षांत पहिल्यांदा, वर्गाला एक प्रश्न विचारला. उत्तर तिला अर्धंच कळलं. "अर्धंच कळलं, पुन्हा सांग," असं म्हणताना तिला लाज वाटली आणि हलकंही वाटलं.

बेल झाली. वर्ग रिकामा झाला. थेरेसा टेबलाशी बसून राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कोणी येणार नाही, असं समजून ती पर्स उचलत होती, तेवढ्यात दारात एक मुलगी दिसली. प्रियल. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली, एवढंच तिला माहीत होतं. मार्च महिन्यात ही बरेच दिवस गैरहजर होती.

प्रियल टेबलापर्यंत आली आणि जमिनीकडे बघत काहीतरी बोलली.

"मोठ्याने नको बोलूस," थेरेसा म्हणाली. "सावकाश बोल. तोंड माझ्याकडे कर."

प्रियलने मान वर केली. एकेक शब्द तिने सुटा केला.

"मॅडम, माझे पप्पा बोटीवर गेलेले. ते परत नाय आले."