आजोळचा खेळ

"उड्या बंद, ताई. सवय नसताना रोज तीन तास अनवाणी झिम्मा खेळलात, म्हणून टाचेमागची शीर दुखावलीय," फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली. "पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाचा सावकाश खाली न्यायच्या. पंधरा वेळा, दिवसातून दोनदा."

कुमुदताई मंगळागौरीच्या गटाच्या म्होरक्या. दुखणं कळलं असतं, तर स्पर्धेच्या तोंडावर त्यांची जागा दुसऱ्या मजल्यावरच्या नाडकर्णीबाईंनी अलगद उचलली असती. म्हणून त्या गुपचूप जिन्यात व्यायाम करायच्या आणि कंटाळा नको म्हणून फुगडीचं गाणं म्हणायच्या.

नेमक्या नाडकर्णीबाईच जिना चढून आल्या. "अगंबाई! हा कुठला खेळ?"

"आमच्या आजोळचा," कुमुदताईंनी ठोकून दिलं. "फार जुना. आता कुणाला येत नाही."

नाडकर्णीबाईंनी तो सगळ्या गटाला शिकवायलाच लावला. स्पर्धेत बारा बायका बारा पाटांवर चढल्या, नऊवारी सावरत टाचा वरखाली करू लागल्या आणि टाळ्यांनी हॉल दणाणला. लुप्त झालेला खेळ शोधून काढल्याबद्दल खास बक्षीस!

ते द्यायला प्रमुख पाहुण्या उठल्या, तर तीच फिजिओथेरपिस्ट! कुमुदताईंनी पदर सावरत नजर चुकवली. मुलीने हसत करंडक हातात दिला आणि कानाशी पुटपुटली, "आजोळीसुद्धा पंधरा वेळा, दिवसातून दोनदाच का हो?"