टाकावरचं नाक

“आजोबा, नाक कुणाचा लावू?” आठ वर्षांच्या तनिषाने विचारलं.

“कुणाचा नाही, कुणाचं,” शशिकांतरावांनी सवयीने सुधारलं. पण प्रश्न व्याकरणाचा नव्हता.

ब्रिस्टलच्या त्या किचनमध्ये कागदाच्या लगद्याचा मुखवटा वाळत होता. उद्या शाळेत ‘रोमन डे’. जुनी रोमन घराणी म्हणे मेलेल्या पूर्वजांचे मेणाचे चेहरे दिवाणखान्यात जपून ठेवत आणि घरात कुणी गेलं की अंत्ययात्रेत मिरवत. जितके चेहरे जास्त, तितकं घराणं मोठं. म्हणून प्रत्येक मुलाने आपला एक पूर्वज न्यायचा होता.

“मिस म्हणाली, फॅमिली नोज असतो. पण मी तर अडॉप्टेड आहे. मग माझा कोण?”

याच प्रश्नापायी शशिकांतरावांची बॅग तीन आठवडे कुलपात होती. तिच्यात घराण्याच्या मूळपुरुषाचा चांदीच्या पत्र्यावर उठवलेला टाक होता, सात पिढ्या देवघरात पुजलेला. मुलाच्या, नकुलच्या हवाली करायचा म्हणून पुण्याहून आणला खरा, पण नकुलनंतर कुणाकडे? दत्तक नात जीव की प्राण होती. तरी वंश तो वंश, असं म्हणत मन हटून बसलं होतं. तेच पोरीच्या तोंडून ऐकल्यावर मात्र त्यांना स्वतःची लाज वाटली.

ते उठले आणि टाक घेऊन आले. “हा आपला मूळपुरुष. लाव याचं नाक.”

तनिषाने टाक उजेडात धरला. घोडा होता, स्वार होता. चेहरा सपाट.

“याला तर नाकच नाही!”

“घासून घासून झिजलं. दर नवरात्रात रांगोळीने घासतात ना.”

“कोण?”

“कोण म्हणजे? माझी पणजी. मग आजी. मग आई. मग तुझी आजी...”

बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं. सगळ्या सुना! एकही या घरात जन्मली नव्हती. एकीचंही नाक मूळपुरुषासारखं नव्हतं. उलट त्याचंच नाक त्यांनी पुसून टाकलं होतं. आणि घराणं चाललं होतं ते त्यांच्याच हातांनी.

२००६ चं नवरात्र आठवड्यावर आलं होतं. घरात रांगोळी नव्हती. शशिकांतरावांनी बाथरूममधून टूथपेस्ट आणली आणि तनिषाच्या हातात ठेवली.

“मुखवटा बिननाकाचाच ने,” ते म्हणाले. “आणि हा घे घासायला. आता पाळी तुझी.”