आईच्या भुवया

आत्याने टेबलावर बटणं मांडली. एक मोठं, दोन लहान. एक मोठं, तीन लहान. मग पुन्हा एक मोठं. "आता पुढची तू लाव," ती भावाच्या लेकीला, बारकीला म्हणाली.

शिलाई मशीनवर बसलेली आई गालात हसली. हा तर बारकीच्या डाव्या हातचा मळ. शाळेने पोरीला 'ढ' ठरवून शेवटच्या बाकावर बसवलं, तेव्हा आईने तिला घरी आणलं होतं. वर्षभर पाढ्यांच्याही आधी हेच शिकवलं होतं: नीट बघ, लक्षात ठेव, विचार कर. सोमवारी परीक्षा होती. नापास झाली तर पुन्हा तीच शाळा, तोच बाक.

बारकीने चार लहान बटणं लावली. पाचव्या लहानावर हात थबकला आणि मोठ्याकडे वळला. अगदी बरोबर. आत्याने रांग मोडली, नवी मांडली आणि आईला पाणी आणायला आत पाठवलं.

आई पेला घेऊन आली, तर बारकी हात मांडीवर ठेवून दाराकडे बघत बसलेली. एकही बटण हललेलं नव्हतं. आई दिसली आणि तिचा हात चालू लागला.

आत्याचे केस मास्तरकी करण्यातच पांढरे झालेले. तिने आडपडदा ठेवला नाही.

"वहिनी, पोर बटणं बघतच नाही. तुमच्या भुवया बघते. सोमवारी तुम्ही आत नसणार."

वर्षभर घसा कोरडा केला, आणि पोर शिकली काय, तर आईचं तोंड वाचायला. आता राग तरी कुणावर काढायचा? आईने स्टूल उचललं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

मागे एकही बटण वाजेना. मग एक हुंदका ऐकू आला. आईने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. रांग तिने येतानाच पाहिली होती. उत्तर अगदी जिभेवर होतं. तिने ते गिळलं.

बटण ठेवल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने उचलल्याचा. "चुकलं," बारकी स्वतःशीच पुटपुटली आणि पहिल्यापासून मोजू लागली.

आईला राहवेना. स्टूल करकरलं.

"आई, इतक्यात वळू नकोस," बारकी म्हणाली. "माझं चाललंय."