काचेच्या कपाटातली जोडी

"डोळ्यांवर कातडं ओढून निवड केलीत तुम्ही!" थोरली कारखान्यातल्या साहेबांच्या बंद दाराला म्हणाली. दार उघडं असलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची.

अंतराळवीरांच्या हातमोज्यांचं रबर तीस वर्षं तीच कालवत होती. एकदा तरी आपली जोडी घालून माणसानं यानाबाहेर पडावं, एवढंच तिला हवं होतं.

धाकट्या जावेला साच्यावर रबर चढवायला तिनंच शिकवलं. तीन वर्षांपूर्वी दोघींनी एकाच पिंपातल्या रबरातून एकेक जोडी काढली. धाकटीची काचेच्या कपाटात गेली. साहेब स्वतः रोज त्या जोडीची नोंद ठेवायचे. थोरलीची खोक्यात भरून कुठेशी नेली. पुन्हा तिचा कुणी विषयही काढला नाही.

"ताई, आज पाहुण्यांनी माझ्या मोज्यांचे फोटो काढले," धाकटी म्हणाली.

"काढणारच. नवरी बसवलीय ना कपाटात!"

"पण शिकवलं कुणी? तुम्हीच."

थोरलीच्या अंगाची आणखीच लाही झाली.

जुन्या मोटरच्या ठिणग्यांनी हवा बिघडते आणि ती हवा रबराला खाते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? कपाट पुसायची किल्लीही तिच्याचकडे. सगळे जेवायला गेले की ती कपाटाचं दार किलकिलं करून शेजारी मोटर लावायची. महिन्याभरात मोज्यांच्या पेरांवर केसाएवढ्या भेगा उठल्या.

सोमवारी साहेबांनी त्या पाहिल्या. धाकटी ढसाढसा रडली. थोरलीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. पोटात मात्र गारगार वाटलं.

साहेबांनी थोरलीलाच आत बोलावलं.

"बसा, बाई. धाकटीचा दोष नाही. तिची जोडी सरस नव्हती, म्हणून तर इथे खाली ठेवली, रबर कसं म्हातारं होतं ते बघायला. सरस तुमची. ती तीन वर्षं वर यानात आहे. करणाऱ्याला सांगायचं नाही, असा नियम. नाहीतर पुढच्या कामात हात कापतो. उद्या तीच घालून माणूस बाहेर पडणार होता."

थोरलीनं खुर्चीची कड घट्ट धरली.

"रबर एकच. खालची तडकली, म्हणजे वरचीवर भरवसा कसा ठेवायचा? बाद केली मी. तुमच्या हातचं रबर आता पुन्हा वर जाणार नाही. तीस वर्षांत एक खोट नाही, बाई. मग याच पिंपात काय चुकलं? सांगा ना!"