पेन्सिलीतली रजा

वाटाघाटींच्या नवव्या दिवशी विमानकंपनीच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, “पगार आणखी चार टक्के वाढवते, पण वैमानिकांची मंजूर रजा रद्द करायचा हक्क आमचाच राहील.” सगळ्यांनी संघटनेतर्फे बोलणाऱ्या कॅप्टनसाहेबांकडे पाहिलं. सहा महिन्यांत निवृत्त होणाऱ्या माणसाला रजेशी काय देणंघेणं? पगारवाढ मात्र त्यांच्या पेन्शनमध्ये उतरणार होती. त्यांनी घरचं कॅलेंडर टेबलावर ठेवलं. “तीस वर्षं बायको माझी रजा पेन्सिलीनं लिहितेय.” खोडून खोडून लेकीच्या वाढदिवसाच्या चौकटीला भोक पडलं होतं. “मग चार टक्के विसरा,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “विसरलो,” ते म्हणाले. शेजारच्या तरुण वैमानिकानं टेबलाखाली त्यांचा हात दाबला. मंजूर रजा रद्द होणार नाही, या करारावर सह्या झाल्या. घरी त्यांनी भीतभीत सांगितलं, “अगं, पैसे सोडले.” बायको हसली. “अहो, सहा महिन्यांनी तुम्ही रोज घरात असाल. तेव्हा मलाच रजा लागेल, ती रद्द करायची नाही हं!”