हाकेला ओ

नागावच्या पंचायतीतल्या रेडिओवर त्या संध्याकाळी चंद्रावर निघालेल्या माणसांचं नवं नाटक सुरू झालं. "तिथं पाणी न्हाय म्हणं, मग भात शिजवायचा कशात?" येसूबाईनं विचारलं. "समद्या थापा," म्हणत कोंडाजीनं तंबाखू मळली. रंगू मात्र कानात प्राण आणून ऐकत होती. तिचा नवरा मंगळूरहून कौलं आणायला गलबतावर गेला, त्याला दोन पावसाळे उलटले होते. नाटकात अग्निबाण भरकटला आणि आतला माणूस हाका मारू लागला, "कुणी ऐकतंय का?" एवढ्यात भाग संपला. लोक उठले. शिपाई रेडिओ बंद करायला आला. "थांब रं हिरामण," रंगू कळवळली, "हाक ऐकून ओ न देता जायचं व्हय?" सगळे हसले. तिनं रेडिओच्या जाळीला तोंड लावून धुक्यातल्या गलबताला किनाऱ्यावरून देतात तशी लांबवून ओ दिली. मग तिथंच कान लावला.