माझी पट्टी

तीस वर्षांपूर्वी चर्चमध्ये एकटीनं गायच्या ओळी नेहमी मला मिळायच्या, माझी मैत्रीण ओडील मागच्या रांगेत असायची. आता न्यू ऑर्लिन्सच्या क्लबात ती रोज रात्री जॅझ गाते, आणि तिला भेटायला आलेली मी खाली बसून टाळ्या वाजवते. मनातून तिचा हेवा वाटत होता. "माझ्यापेक्षा भारी गाणारी इथं बसलीय," ती माइकवरून म्हणाली. "ये गं बये, नखरे पुरे!" दाखवतेच हिला, म्हणत मी मंचावर चढले. "पट्टी कोणती, मॅडम?" पियानोवाल्यानं विचारलं. तीस वर्षांत आवाज किती उतरला, मला कुठं ठाऊक! ओडीलनं त्याला तीन बोटं खाली करून दाखवली. इथले गाणारे पट्टी अशीच सांगतात, खाली जितकी बोटं तितके कोमल सूर. पहिलाच सूर अलगद लागला. दुपारी तिच्या घरी राजमा ढवळताना माझी बडबड ऐकूनच तिनं माझा आजचा आवाज जोखला होता. तिच्या गळ्याचा हेवा होताच, आता कानाचाही.